अकरा दिवस थांबलेली लाइन आणि तीन दिवस अडलेली बातमी

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

पिंपरी-चिंचवडमधल्या एका मध्यम कारखान्यात खरेदी विभाग सांभाळणाऱ्या ताईंचं पत्र आलं आहे. कारखाना ट्रॅक्टर आणि पिकअपसाठी ऑइल पंप जोडून मोठ्या कंपन्यांना पुरवतो. पंपाच्या बॉडीचं कास्टिंग (साच्यात ओतलेला लोखंडी भाग) चौदा वर्षं कोल्हापूरच्या एकाच फौंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) येतं. रोज सहाशे नग, नगाला १८० रुपये. गेल्या पावसाळ्यात त्या फौंड्रीत भट्टीच्या विजेच्या पॅनलला आग लागली. माणसं सुखरूप राहिली, पण भट्टी बंद पडली. फौंड्रीचे मालक (सगळे त्यांना अण्णा म्हणतात) तीन दिवस फोनवर ‘उद्या गाडी निघते’ एवढंच सांगत राहिले. खरं काय ते ताईंना चौथ्या दिवशी एका ट्रकवाल्याकडून कळलं. स्टोअर्समध्ये चारच दिवसांचा माल होता. पंप जोडणीची लाइन अकरा दिवस थांबली आणि ग्राहक कंपनीने नऊ लाखांची डेबिट नोट (बिलातून भरपाई कापून घेण्याचा कागद) पाठवली.

आता ताईंच्या कारखान्याच्या मालकांनी फर्मान काढलं आहे: अण्णांचं काम बंद करा, प्रत्येक पार्टला दोन व्हेंडर (पुरवठादार) ठेवा, दोन महिन्यांचा साठा करा आणि ग्राहकाच्या ऑडिटसाठी महिनाभरात ‘आपत्कालीन आराखडा’ तयार करा. ताई लिहितात, “चूक माझीच आहे. २०२२ मध्ये मीच साठा बारा दिवसांवरून चारवर आणला आणि त्याचं बक्षीस घेतलं. त्याच वर्षी दुसऱ्या फौंड्रीचा प्रस्तावही दिला होता, पण नव्या पॅटर्नचे (ज्यावरून वाळूचा साचा घडवतात त्या नमुन्याचे) अडीच लाख वाचवायचे म्हणून तो बाजूला पडला. लॉकडाऊननंतर कामगार गावी गेलेले असताना पहिली गाडी अण्णांनीच पाठवली होती. त्यांना तोडायला मन होत नाही. पण त्यांनी मला तीन दिवस फसवलं, हेही विसरता येत नाही. मी काय करू?”

उत्तर

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नजर आकड्यांवर गेली. मीही सत्तावीस वर्षं खरेदी आणि स्टोअर्समध्येच काढली आहेत, सवय जात नाही. दुसऱ्या वेळी ‘चूक माझीच आहे’ या शब्दांवर अडखळलो. त्या शब्दांबद्दल आधी बोलू.

साठा बारावरून चारवर आणलात तेव्हा आठ दिवसांचा माल कमी झाला. तुमच्याच आकड्यांनी रोजचा माल एक लाख आठ हजारांचा, म्हणजे आठ दिवसांचे आठ लाख चौसष्ट हजार मोकळे झाले. अकरा टक्क्यांनी धरलं तर वर्षाला साधारण पंच्याण्णव हजारांचं व्याज वाचलं. पॅटर्नचे अडीच लाख वाचले ते वेगळे. दोन्ही वेळा बचत कंपनीच्या खात्यात जमा झाली, आणि दोन्ही वेळा धोका वाढला तो मात्र कुणी कुठेच लिहून ठेवला नाही. साठ्यावरचं व्याज दर महिन्याला हिशेबात दिसतं. लाइन थांबण्याची शक्यता कुठल्याच रकान्यात नसते. ती दिसते तेव्हा एकदम नऊ लाखांची डेबिट नोट होऊनच दिसते. तो रकाना आखणं हे मालकांचं, उत्पादनवाल्यांचं, हिशेबनीसांचं आणि तुमचं मिळून काम होतं. बक्षीस तुम्ही घेतलंत, तर दुसऱ्या फौंड्रीचा प्रस्तावही तुम्हीच दिला होता. त्या प्रस्तावाचा कागद शोधून ठेवा. कुणाला दाखवायला नाही, तुम्हालाच स्वतःकडे नीट पाहता यावं म्हणून.

आता अण्णांकडे येऊ. तुम्ही लिहिता की त्यांनी फसवलं. तीन दिवस ते खरं बोलले नाहीत, हे मान्यच. पण त्या तीन दिवसांत त्यांच्या डोळ्यांसमोर काय असेल याचा अंदाज तुमच्याच पत्रात आहे. मार्चमध्ये गाडी दोन दिवस उशिरा आली म्हणून तुम्ही त्यांना चाळीस हजारांची डेबिट नोट लावलीत, असं एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेला आहात. पेमेंट नव्वद दिवसांचं ठरलेलं असून एकशे दहापर्यंत जातं, हेही लिहिलं आहे. म्हणजे या माणसाचे साडेतीन महिन्यांचे पैसे तुमच्याकडे अडकलेले, भट्टी जळलेली, पॅनल दुरुस्त करणारा म्हणतोय ‘उद्या होईल’. अशा वेळी पुण्याला फोन करून ‘आमची भट्टी जळली’ म्हणण्याची किंमत त्यांना अनुभवाने ठाऊक होती. उद्या होईल, या आशेवर त्यांनी तीन दिवस काढले. असा माणूस मी कितीतरी कारखान्यांत पाहिला आहे. काही वेळा तो फोनच्या या बाजूला होता, म्हणजे मीच होतो.

म्हणून माझा प्रश्न तुम्हाला वेगळा आहे. वाईट बातमी सांगणाऱ्याला तुमच्या कंपनीत काय मिळतं?

या प्रश्नावर एक मोठं उदाहरण आहे. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातल्या आल्बुकर्कीमध्ये वीज पडल्यामुळे फिलिप्सच्या चिप कारखान्यात लहानशी आग लागली. ती दहा मिनिटांच्या आसपास विझलीसुद्धा. पण धुराने आणि पाण्याने चिप बनवायच्या अतिस्वच्छ खोल्या खराब झाल्या. या कारखान्याचे दोन मोठे ग्राहक होते, नोकिया आणि एरिक्सन. फिलिप्सने दोघांनाही सुरुवातीला थोडक्या दिवसांचा उशीर सांगितला. नोकियाच्या लोकांना आवक कमी झालेली दिसत होती. त्यांनी ती बातमी लगेच वर पोहोचवली, माणसं कामाला लावली, फिलिप्सच्या दुसऱ्या कारखान्यांत आणि इतर कंपन्यांकडे क्षमता शोधली आणि काही चिपचं डिझाइनही बदलून घेतलं. एरिक्सनमध्ये तीच बातमी खालच्या पातळीवर कित्येक आठवडे पडून राहिली. ती वरिष्ठांपर्यंत गेली तेव्हा बाजारातली मोकळी क्षमता संपलेली होती. एरिक्सनची त्या वर्षी सुमारे चाळीस कोटी डॉलरची विक्री बुडाली आणि पुढच्याच वर्षी त्यांना मोबाइलचा धंदा सोनीबरोबर भागीदारीत न्यावा लागला. त्यामागे इतरही कारणं होती. पण आग एकच, कारखाना एकच, ग्राहक दोन. फरक पडला तो बातमी किती लवकर हलली यावर.

आता तुमच्या बाबतीत हिशेब करू. आग लागली त्याच संध्याकाळी अण्णांनी फोन केला असता तर? तुमच्याकडे चार दिवसांचा माल होता. तो सगळा एकाच मॉडेलवर न घालता, ग्राहकाशी बोलून सर्वांत निकडीच्या पंपासाठी राखता आला असता. दुसऱ्या दिवशी पॅटर्न अण्णांच्या शेडमधून उचलून शेजारच्या फौंड्रीत नेता आला असता. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या पट्ट्यात एकाला लागून एक फौंड्री आहे. मोल्डिंग बॉक्सचं (वाळूचा साचा भरायच्या चौकटीचं) माप जुळणारी एखादी दोन दिवसांत मिळाली असती. नमुने, तपासणी आणि ग्राहकाची तात्पुरती मंजुरी धरूनही माझा अंदाज असा, की अकरा दिवसांचे चार-पाच झाले असते. हा अंदाजच आहे, पण ते तीन दिवस किती मोलाचे होते ते तुम्हाला माझ्याइतकंच कळेल.

मालक म्हणतात, प्रत्येक पार्टला दोन व्हेंडर. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं आणि काही पार्टना ते हवंच. पण दोन व्हेंडर म्हणजे दोन वेगळे मार्ग, हे गृहीत धरू नका.

समजा तुम्ही शिरोलीतलीच दुसरी फौंड्री धरली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी तिथे महामार्गावर आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक काही दिवस ठप्प झाली. तेव्हा दोन काय, दहा फौंड्र्या असत्या तरी तुमची गाडी त्याच रांगेत उभी राहिली असती. आणि दुसऱ्या फौंड्रीकडे स्वतःचा पॅटर्न नसेल, तुमचा एकुलता एक पॅटर्न अण्णांच्या शेडमध्येच असेल, तर दुसरा व्हेंडर फक्त मंजूर यादीतलं एक नाव राहतो. २०२२ मध्ये जे अडीच लाख वाचवले ते नेमके यासाठीच लागणार होते.

एकच मूळ असण्याचं सगळ्यांत डोळे उघडणारं उदाहरण मला २०११ चं वाटतं. ११ मार्चला जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी झाली. गाड्यांच्या रंगाला चकाकी देणारं झिरॅलिक नावाचं एक रंगद्रव्य तेव्हा जगात एकाच ठिकाणी तयार होत असे, फुकुशिमा प्रांतातल्या ओनाहामा इथल्या मर्क या जर्मन कंपनीच्या कारखान्यात. मोटार कंपन्या वेगवेगळ्या रंग कंपन्यांकडून रंग घेत होत्या, म्हणजे कागदावर व्हेंडर अनेक होते. त्या सगळ्यांच्या डब्यांत रंगद्रव्य मात्र एकाच कारखान्यातलं होतं. अमेरिकेत फोर्डने काळ्या आणि लाल रंगाच्या काही छटांच्या गाड्यांची नोंदणी थांबवली. आपल्याकडेही ४ एप्रिल २०२५ ला चीनने काही दुर्मीळ धातूंवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली तेव्हा विजेवरच्या दुचाक्या बनवणाऱ्यांना हेच जाणवलं. मोटर पुरवणारे वेगवेगळे होते, चुंबक येत होतं एकाच देशातून. तुमच्या पंपातल्या ऑइल सीलचं रबर कुठून येतं, हे सील देणाऱ्याला कधी विचारलं आहे का? विचारून पाहा. त्याला फोनवर सांगायचं नसेल तर प्रत्यक्ष जा.

दोन महिन्यांच्या साठ्याबद्दल मालकांशी बोलताना त्यांना थेट ‘नाही’ म्हणू नका, आकडा दाखवा. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर पन्नास दिवसांचा माल चौपन्न लाखांचा होतो आणि त्याचं व्याज वर्षाला पाच लाख चौऱ्याण्णव हजार. हे एका कास्टिंगचं. त्यात ग्राहकाने डिझाइन बदललं तर चौपन्न लाखांचं भंगार होतं. शिवाय हे कास्टिंग ओतीव लोखंडाचं, पावसाळ्यात गंज धरणारं. तेल लावून, झाकून ठेवावं लागतं आणि त्याला जागा लागते.

जागेवरून आठवलं. २६ जुलै २००५ ला मी मुंबईत एका कारखान्यात स्टोअर्स पाहत होतो. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आमच्याकडे बेअरिंगचा दोन महिन्यांचा साठा होता आणि त्याचा मला अभिमान होता. जागा नव्हती म्हणून अर्धी खोकी खाली फरशीवर, लाकडी पाटांवर रचलेली. दुसऱ्या दिवशी शटर उघडलं तेव्हा पुठ्ठ्याची खोकी फुगून एकमेकांना चिकटली होती. वरचं खोकं उचललं की खालच्याचं झाकण त्याच्याबरोबर निघून यायचं, आणि आतल्या तेलकट कागदात चिखल शिरलेला. जी खोकी रॅकच्या दुसऱ्या फळीवर होती त्यांना काहीही झालं नव्हतं. महिनाभर आम्ही वरच्या फळ्यांवरच्या मालावर काढला. साठा किती, हे तेव्हा सगळे विचारायचे. कुठे ठेवला आहे, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

साठा वाईट असं मी म्हणत नाही. कमीत कमी साठ्यावर काम चालवायला ज्या टोयोटाने जगाला शिकवलं, त्याच टोयोटाने २०११ नंतर चिपसारख्या काही भागांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांना ठेवायला सांगितला. २०२१ च्या सुरुवातीला चिपच्या टंचाईत इतर कंपन्या थांबल्या तेव्हा त्या साठ्याने टोयोटाला तारलं. ऑगस्ट संपता संपता तोही पुरेना आणि सप्टेंबरचं उत्पादन चाळीस टक्क्यांनी कमी करावं लागलं. साठ्याने वेळ विकत मिळतो, तोही मोजका. म्हणून सगळ्याच पार्टचा साठा न वाढवता, कुठल्या पार्टसाठी किती वेळ विकत घ्यायचा हे ठरवा.

ते ठरवायची एक साधी पद्धत आहे. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड सिम्ची-लेवी यांनी फोर्डबरोबर ती मोठ्या प्रमाणावर वापरली, पण तुम्हाला ती वहीतही जमेल. एक पंप घ्या आणि त्याच्या पार्टची यादी काढा. प्रत्येक पार्टसमोर दोन आकडे लिहा. हा माल आजपासून बंद झाला तर आपण किती दिवस तग धरतो, हा पहिला. देणाऱ्याचा कारखाना आज बंद पडला तर त्याच्याकडून किंवा दुसऱ्या कुणाकडून माल पुन्हा सुरू व्हायला किती दिवस लागतील, हा दुसरा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा असेल त्या पार्टखाली लाल रेघ मारा.

दुसरा आकडा लिहिताना स्वतःला फसवू नका. ‘नवा व्हेंडर पंधरा दिवसांत’ असं सगळेच लिहितात. पॅटर्न बनवणं, ट्रायल कास्टिंग, मशीनिंगवर घेऊन पाहणं, छिद्रं आणि गळतीची तपासणी, मग ग्राहकाची मंजुरी, हे सगळं धरलं तर कास्टिंगला दोन-तीन महिने सहज जातात. आणि पार्टच्या किमतीवर जाऊ नका. फोर्डच्या अभ्यासात हेच पुढे आलं, की ज्या पार्टवर कंपनी फार थोडा खर्च करते त्यांतलेच काही बंद पडले तर सगळ्यात मोठं नुकसान करतात. महागड्या पार्टवर सगळ्यांचं लक्ष असतं, दोन रुपयांच्या ‘ओ’ रिंगकडे कुणी पाहत नाही.

माझा अनुभव असा, की यादी दीडशेची असली तरी लाल रेघा दहा-बाराच येतात. मालकांना दीडशे पार्टला दोन व्हेंडर हवे आहेत. तुम्ही त्यांच्यासमोर या दहा-बारांचा एकच कागद ठेवा. प्रत्येकासमोर उपाय आणि खर्च लिहा. तुमच्या कास्टिंगचंच सांगतो. साठा पुन्हा बारा दिवसांवर न्या. तेवढा माल बारा लाख शहाण्णव हजारांचा, व्याज वर्षाला एक लाख बेचाळीस हजार. त्यातला काही माल पुण्यात तुमच्या दारात ठेवा, काही मशीनिंगवाल्याकडे. दुसरा पॅटर्न आता करून घ्या, पॅटर्नवाल्यांचे भाव वाढले असतील तरी. आणि दुसरी फौंड्री धरा, पण कोल्हापूरबाहेरची. बेळगावला चांगल्या फौंड्र्या आहेत, पण त्यांची गाडीही त्याच महामार्गाने येते. त्यामुळे अहिल्यानगर किंवा छत्रपती संभाजीनगर रस्त्याकडे आधी चौकशी करा. तिला दर महिन्याला खरोखर काम द्या, पंधरा-वीस टक्के तरी. ज्या फौंड्रीने सहा महिन्यांत तुमचं एकही कास्टिंग ओतलं नाही, ती अडचणीच्या दिवशी पहिल्या दिवसापासून चांगलं ओतेल अशी आशा धरू नका.

उरलेले ऐंशी टक्के अण्णांकडेच राहू द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांना तोडलंत तर चौदा वर्षांत त्यांनी तुमच्या कास्टिंगची जी खोड ओळखली आहे, कुठे वाळू बसते, कुठल्या कोपऱ्यात छिद्र येतं, ती नव्या माणसाला पुन्हा तुमच्याच रिजेक्शनवर शिकवावी लागेल. आणि तुमचे बाकीचे व्हेंडर हे सगळं पाहत आहेत. अण्णांचं काम गेलं तर त्यातून ते एवढंच शिकतील, की पुढच्या वेळी तीन दिवसांऐवजी आठ दिवस लपवायचं.

संबंध जपण्यातून काय उभं राहतं त्याचा मोठा दाखला टोयोटाचाच आहे. १ फेब्रुवारी १९९७, शनिवारी पहाटे जपानमध्ये करिया इथल्या आयसिन या टोयोटाच्या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक लहानसा व्हॉल्व्ह तिथे बनायचा. स्वस्तातला पार्ट, पण टोयोटाला लागणारे जवळजवळ सगळे तिथूनच यायचे आणि टोयोटाकडे साठा जेमतेम दोन-तीन दिवसांचा. काही दिवसांत टोयोटाच्या बहुतेक लाइन बंद पडल्या. आयसिनने काहीही झाकलं नाही. त्याच दिवशी नुकसान सांगितलं, मदत मागितली आणि ड्रॉइंग वाटायला सुरुवात केली. दोनशेच्या आसपास कंपन्या कामाला लागल्या. त्यांतल्या कितीतरींनी तो व्हॉल्व्ह आधी पाहिलाही नव्हता. शिलाई मशीनसाठी ओळखली जाणारी ब्रदर कंपनीसुद्धा त्यांत होती. आयसिनची त्या कामाची खास मशीन जळली होती. या लोकांनी आपल्या साध्या मशीनवर जिग (पार्ट नेमक्या जागी धरणारी चौकट) बसवून, जमेल तसे व्हॉल्व्ह कापले. पहिले चांगले नग चार दिवसांत हातात आले आणि आठवडा-दहा दिवसांत टोयोटा जवळपास पूर्ववत झाली. दर काय, पैसे कोण देणार, यावर कुणी काम अडवलं नाही. तो हिशेब नंतर झाला, आणि चोख झाला.

साठा जेमतेम, दुसरा व्हेंडर जवळजवळ नव्हताच. म्हणजे तुमच्या मालकांच्या दोन्ही अटींत ते नापास झाले असते. तरीही सावरले. तुमच्याकडे टोयोटाचं बळ नाही हे मला कळतं, पण कोल्हापूरच्या फौंड्रीवाल्यांत एकमेकांना धरून राहण्याची रीत जुनी आहे. अण्णांना विचारा: तुमची भट्टी बंद पडली तर आमचा पॅटर्न कुणाच्या मोल्डिंगवर चालेल? अशी दोन नावं त्यांच्याकडूनच घ्या, त्या दोघांकडे एकदा प्रत्यक्ष ट्रायल ओतून घ्या आणि त्याचा खर्च तुम्ही द्या. पॅनलचे कोणते सुटे भाग, कोणती कॉइल ते जवळ ठेवतात हेही विचारा. महाग भाग त्यांच्या एकट्याच्या आवाक्याबाहेर असेल तर शेजारच्या दोन-तीन फौंड्र्यांनी मिळून ठेवायला हरकत नाही.

पेमेंटचं बोलणं मालकांशी तुम्हालाच करावं लागेल आणि ते अवघड जाईल. पण इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. अण्णांची फौंड्री ‘उद्यम’ नोंदणीत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी, माल स्वीकारल्यापासून पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून प्राप्तिकरातही तरतूद आली आहे. ही मुदत ओलांडली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजावटीला धरला जातो. तुमच्या सीएंना विचारा, मार्चअखेरची अशी बाकी किती आहे. नव्वद दिवसांचं पेमेंट तुमच्या कंपनीला फुकट पडत नाही, हे मालकांनी सीएंच्याच तोंडून ऐकलेलं बरं.

विम्याचंही एकदा पाहून घ्या. आगीचा साधा विमा इमारत, यंत्र आणि मालाचं नुकसान देतो. बंद काळातला बुडालेला नफा त्यात धरलेला नसतो, त्यासाठी ‘लॉस ऑफ प्रॉफिट’ वेगळा घ्यावा लागतो. पुरवठादाराच्या कारखान्यातल्या आगीमुळे तुमचं काम थांबलं तर त्याचं कलम आणखी वेगळं मागून घ्यावं लागतं.

राहिला आपत्कालीन आराखडा. ऑडिटसाठी चाळीस पानांची फाइल महिनाभरात तयार होईल आणि कपाटात जाईल, ती व्हायची तशी होऊ द्या. पण स्टोअर्सच्या भिंतीवर एक पान लावा. लाल रेघेच्या दहा-बारा पार्टचे व्हेंडर, त्यांच्या मालकांचे आणि सुपरवायझरचे घरचे नंबर, पॅटर्न आणि डाय कुठे आहेत, ग्राहकाकडे कुणाला फोन करायचा. आणि हेही लिहा, की माल थांबल्याची बातमी आल्यावर व्हेंडरशी एकच माणूस बोलेल. तुमच्या अकरा दिवसांत अण्णांना रोज किती जणांनी फोन केले असतील? भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसाने फोन घ्यायचे की भट्टी पाहायची? त्यापेक्षा पहिल्याच दिवशी तुमचा एक जाणता माणूस तिथे जाऊन बसला पाहिजे. त्याने तिथून रोज संध्याकाळी खरी स्थिती कळवावी, आणि तीच स्थिती तुम्ही ग्राहकाला कळवावी, गोड न करता. तीन महिन्यांतून एकदा, एखाद्या शनिवारी अर्धा तास सगळ्यांना बसवून ‘समजा आज सकाळी सील येणं बंद झालं’ असं म्हणून ते पान वापरून पाहा. पहिल्याच वेळी निम्मे नंबर बदललेले सापडतील.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. घाबरून दोन्ही फौंड्र्यांना गरजेच्या दुप्पट शेड्यूल (पुढच्या मागणीचा आकडा) देऊ नका. मालकांच्या मनात ते असेल. दोघंही त्यावर वाळू, भंगार, माणसं वाढवतील आणि तीन महिन्यांनी तुम्ही शेड्यूल कापलंत की दोघांचाही तुमच्या आकड्यांवरचा विश्वास उडेल.

हे वाचणाऱ्यांत कुणाचा छापखाना असेल, कुणाची बेकरी, कुणाचं औषधांचं दुकान. भट्टी आणि पॅटर्न तुमच्याकडे नसतील, पण ते दोन आकडे तुम्हालाही लिहिता येतील. आज रात्री दहा वस्तूंचे लिहून पाहा, तासाभराचं काम आहे.

आणि ताई, अण्णांना फोनवर काही बोलू नका, कोल्हापूरला जा. मार्चच्या त्या चाळीस हजारांच्या डेबिट नोटचं काय करायचं ते मालकांशी बोलून निघायच्या आधी ठरवा. मागे घेता आली तर उत्तम. त्यांच्या शेडमध्ये बसा आणि ते तीन दिवस तुमच्यावर कसे गेले ते सांगा, रागासकट सांगा. मग त्यांचे तीन दिवस कसे गेले ते विचारा. पुढे अशी बातमी त्याच दिवशी दिलीत तर त्या खेपेला डेबिट नोट लावणार नाही, हे मालकांच्या सहीने लिहून न्या आणि त्यांच्या हातात द्या. सोबत टूलरूममधला एक माणूस घ्या. तुम्ही दोघं बोलत असाल तोवर तो पॅटर्नची मापं घेईल. चौदा वर्षांत तो पॅटर्न झिजला असणार, आणि नवा करायचा तर जुन्या ड्रॉइंगवर भरवसा ठेवून चालणार नाही.